दोन इंची डिस्कनं लावलेलं वेड

हे मला याआधी कुणीच का सांगितलं नव्हतं? ज्या कोपऱ्यात चार इंची ग्राइंडरचं तोंड शिरत नाही, जिथं आजवर कानस घेऊन बसायचं आणि बोटांची सालं काढून घ्यायची, तिथं ही दोन इंची डिस्क सहज उतरते, वेल्डिंगचा फुगवटा बघता बघता सपाट करते आणि शेजारच्या पत्र्यावर ओरखडासुद्धा उठत नाही! खांदा भरून येत नाही, मनगट दुखत नाही, आणि काम झाल्यावर त्या जागेवरून बोट फिरवलं तर जोड कुठं होता ते सापडत नाही. डाय ग्राइंडर हातात आल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलो आहे.

मृग तोंडावर आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात लोखंडाच्या कामाला नुसता ऊत येतो. सोयाबीन आणि कपाशीचा हा मुलूख. कुणाच्या पेरणीयंत्राचे फण झिजलेले, कुणाच्या वखराची पास वाकलेली, कुणाच्या रोटाव्हेटरचा पत्रा फाटलेला, आणि प्रत्येकाला वस्तू उद्याच पाहिजे. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठंही जा, वेल्डिंगच्या दुकानापुढं ट्रॅक्टर उभेच. या दुकानांत चार इंची अँगल ग्राइंडर हटकून असतो. डाय ग्राइंडर मात्र मी आजवर फक्त इंजिनचं हेड करणाऱ्यांकडे बघितला होता. मुळात तो साचे बनवणाऱ्यांचं हत्यार, साच्याच्या आतली कड घासायला काढलेला. खामगावातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपात मिस्त्रींनी तो पेरणीयंत्राच्या पेटीत घातला आणि मी बघतच राहिलो.

बियाण्याच्या पेटीचा आतला कोपरा डोळ्यासमोर आणा. दोन पत्रे काटकोनात मिळालेले, खतानं आणि ओलीनं तो जोड खाल्लेला, त्यावर नवं वेल्डिंग चढवलेलं. आता ही जागा गुळगुळीत झालीच पाहिजे, नाही तर सोयाबीनचा दाणा तिथं अडतो आणि ऐन पेरणीत एक तास रिकामा जातो. मिस्त्रींनी कॉम्प्रेसरची नळी जोडली, काटकोनी तोंडाचा डाय ग्राइंडर दोन्ही हातांत धरला, डिस्क पत्र्याला दहा-पंधरा अंशांनी तिरपी ठेवली आणि फक्त तिची कड वेल्डिंगवर टेकवली. बारीक, उंच आवाज. ठिणग्यांचा आखूड झोत पेटीच्या तळाकडे. मग माझ्या हातात दिला. मी सवयीनं जोर लावला तसे ते म्हणाले, "दाबू नको भाऊ, नुसती फिरवत राह्य. कापाचं काम तिचं हाये." जोर काढला आणि डिस्क खरोखरच चालायला लागली!

डिस्क बदलणं तर इतकं सोपं की मला आधी खरंच वाटेना. पान्हा नाही, नट नाही. डिस्कच्या पाठीला एक छोटं आट्यांचं बटण असतं. ते रबरी पॅडच्या मधोमध ठेवायचं, अर्धा फेरा पिळायचं, बसली. साठ नंबरची काढा, एकशेवीसची लावा, क्षणाचं काम. हे करताना हवेची नळी मात्र आधी काढायची. बोट चापाला लागायला वेळ लागत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिनं मला अक्षरशः झोप येऊ दिली नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. डाय ग्राइंडर घेतो २०,००० ते २५,०००. मला वाटायचं, म्हणजे डाय ग्राइंडर दुप्पट जोरात घासत असणार. पण घासते ती डिस्कची कड, म्हणून फेऱ्यांपेक्षा कडेचा वेग बघायचा. मी कागद-पेन्सिल घेतली. १०० मिलिमीटरची डिस्क ११,००० फेऱ्यांना: कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर. ५० मिलिमीटरची डिस्क २०,००० फेऱ्यांना: सुमारे ५२ मीटर. जवळजवळ सारखाच! छोट्या डिस्कला तेवढंच काम करायचं तर जास्त फिरावंच लागतं, म्हणून हे मशीन एवढं पळतं. लहान डिस्क आणि मोठे फेरे ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे.

जोडी मोडली तर? हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. चार इंची कटिंग व्हीलवर बहुतेक वेळा '८० मी./से.' आणि '१५,३००' असे आकडे छापलेले असतात. त्या व्हीलनं जास्तीत जास्त एवढंच फिरायचं. तेच व्हील कुणी दांडीवर बसवून २५,००० फेऱ्यांच्या डाय ग्राइंडरला लावलं, तर कडेचा वेग सेकंदाला १३१ मीटर होतो, म्हणजे ताशी ४७० किलोमीटर. वर आणखी एक गोम आहे. व्हीलला बाहेर ओढणारं बल वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणून वेग दीडपटीच्या थोडा वर गेला तरी ओढ अडीचपटीवर जाते. एवढी ओढ सोसायला ते व्हील केलेलंच नाही. फुटलं तर तुकडे अडवायला डाय ग्राइंडरवर गार्डही नाही. ज्या पातळीत व्हील फिरतं त्याच पातळीत वापरणाऱ्याचा चेहरा असतो. हे असलं जोडकाम कुठंही दिसलं तर तिथल्या तिथं थांबवा, हात जोडून सांगतो.

आकडे तीन जागी बघायचे: मशीनवर, पॅडवर आणि डिस्कवर. मशीनच्या फेऱ्यांपेक्षा पॅड आणि डिस्क या दोघांचेही आकडे मोठे असले पाहिजेत. तीन इंची पॅडवर बऱ्याचदा २०,००० किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं, त्यामुळे २५,००० च्या मशीनला ते चालत नाही, भले आटे जुळोत. आणि हे काही हौशी माणसाचं खूळ नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मधलं ३० वं कलम याच गोष्टीसाठी होतं! जिथं ग्राइंडिंग चालतं त्या कारखान्यात प्रत्येक यंत्राजवळ कायमची सूचना लावायची: चाकाचा सुरक्षित कडवेग किती, दांड्याचा वेग किती, तो वेग राखायला पुलीचा व्यास किती. पंचाहत्तरहून जास्त वर्षं हे त्या कायद्यात लिहिलेलं होतं. छोट्या दुकानाला कायदा लागू असो वा नसो, भिंतीवर खडूनं तीन आकडे लिहायला कुणाची हरकत आहे?

आता दाण्याकडे येऊ, कारण इथं तर खजिनाच उघडतो. नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक, हे सगळ्यांना ठाऊक. छत्तीस नंबरचा दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर, ऐंशीचा ०.२ मिलिमीटर, एकशेवीसचा ०.१२५. छत्तीसनं वेल्डिंग उतरवायचं, ऐंशीनं त्याचे ओरखडे काढायचे, एकशेवीसनं रंगाला तयार करायचं. मधली पायरी गाळली की रंगाखालून छत्तीसच्या रेघा वर येतात.

पण दाणा कशाचा, हा प्रश्न मी आयुष्यात कधी विचारला नव्हता. तपकिरी दिसतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपला कुरुंदच, फक्त भट्टीत केलेला. खाणीतला कुरुंद आपल्या विदर्भात भंडारा जिल्ह्यात सापडतो! काळा सिलिकॉन कार्बाइड १८९१ साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन माणसाला भट्टीत सापडला. चिकणमाती आणि कोक यांच्यातून वीज सोडून तो कृत्रिम रत्न करायला निघाला होता. मग झिर्कोनिया, आणि १९८० च्या दशकात आलेला सिरॅमिक दाणा. या शेवटच्या दोघांची करामत अशी की दाणा बोथट झाला की त्याचा कण तुटतो आणि खाली नवी धार उघडी पडते. मात्र तो तुटायला दाब लागतो. अँगल ग्राइंडरला अंगाचा भार देऊन तो दाब मिळतो. हलक्या हातानं चालवायच्या छोट्या डाय ग्राइंडरवर दाणा तुटत नाही, चकाकतो, आणि महागाची डिस्क नुसती तापत बसते. म्हणून पेटीच्या पातळ पत्र्याला साधी तपकिरी डिस्कच बरी, आणि फणाच्या जाड लोखंडावर जोर देता येतो तिथं सिरॅमिक. महाग तेच चांगलं असं इथं नाहीच, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला!

हा माल बाहेरूनच येतो असंही कुणी समजू नये. उरणजवळ मोरा इथं ग्राइंडवेलचं काम १९४१ पासूनचं, आणि चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ ची. आपल्याकडे या धंद्याला चांगली वर्षं झाली आहेत. सुटी, बिनछापाची डिस्क घेण्याचं काहीच कारण नाही.

दुसरी एक जात आहे, जाळीदार, भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबसारखी. तपकिरी जाड, मरून मध्यम, निळी बारीक. गंज आणि जुना रंग ती असा काही उतरवते की खालचं लोखंड जवळजवळ झिजतच नाही. माझी सगळ्यात आवडती हीच. पण ट्रॅक्टरचं इंजिन उघडून गॅस्केटचा चिकटलेला कागद काढायला हिला हात लावू नका. हिच्यातून झडणारी भुकटी म्हणजे तोच ॲल्युमिनियम ऑक्साइड. ती ऑइलमध्ये उतरली की बेअरिंग खाते. जनरल मोटर्सनं आपल्या दुरुस्ती केंद्रांना याबद्दल लेखी बजावलेलं आहे. तिथं पट्टी घेऊन हातानंच खरवडायचं.

स्टीलच्या टाकीला वेगळी, कोरी डिस्क ठेवायची. लोखंडावर चाललेली डिस्क स्टीलवर फिरवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि टाकीवर गंजाचे ठिपके येतात.

कोलेटचं, म्हणजे मशीनच्या तोंडाशी दांडी पकडणाऱ्या चिमट्याचं, मात्र सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण हे डोळ्यांना दिसत नाही. पॅडची दांडी कधी ६ मिलिमीटरची असते, कधी पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. फरक ०.३५ मिलिमीटर! ६ ची दांडी पाव इंचाच्या कोलेटमध्ये आवळली तर आवळल्यासारखी वाटते आणि २०,००० फेऱ्यांना सरकत बाहेर येते. दांडीवरचा आकडा आणि कोलेटवरचा आकडा एकच हवा, आणि दांडी आतपर्यंत गेलेली हवी. बाहेर लांब उरली की लचकते, आणि लचकली की सुरक्षित वेग खाली येतो. नवी डिस्क लावल्यावर मिस्त्री मशीन पेटीच्या आड धरतात आणि मिनिटभर नुसती फिरवतात. तडा गेलेली असेल तर ती तिथंच कळते, तोंडासमोर नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात गळ्यात गमछा नसेल असा माणूस विरळा. तो गमछा मशीन सुरू करण्याआधी खुंटीला गेला पाहिजे, यावर वर्कशॉपात कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे. सैल बाही, सुती हातमोज्याचं लोंबतं टोक, तेही तसंच. डोळ्याला बाजूनं बंद असणारा चष्मा आणि वर तोंड झाकणारा शिल्ड, कारण नुसत्या चष्म्यानं गाल वाचत नाही. कानात बोळे, नाकाला मास्क. हवेवरच्या हत्याराची थरथर कमी जाणवते, तरी तासन् तास धरलं तर बोटं बधिर होतात, म्हणून मधे मधे हात मोकळा करायचा.

आणि कापूस! जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० साली आला तोच मुळी इथल्या कापसासाठी. आजही जिनिंगच्या शेडमध्ये दुरुस्तीला माणूस बोलावतात आणि यंत्राभोवती सरकी, रुई, धूळ पडलेली असते. ठिणगी रुईत शिरली की वरून काही दिसत नाही, आत धुमसत राहते आणि माणसं घरी गेल्यावर पेटते. तिथं आधी झाडून काढणं, आजूबाजूला पाणी मारणं, ओलं पोतं अंथरणं, आणि काम संपल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथं बसून राहणं, हे डिस्क निवडण्याइतकंच आपलं काम आहे. सुटा भाग असेल तर तो शेडबाहेर, मोकळ्यावर आणूनच घासावा.

पावसाळ्यात डिस्क वर्कशॉपच्या कोपऱ्यात उघड्या ठेवू नयेत. ओल लागली की फायबरची डिस्क वाकडी होते आणि रेझिननं बांधलेल्या कटिंग व्हीलची पकड सैल पडते. कटिंग व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर 'व्ही' अक्षर आणि पुढं महिना-वर्ष ठोकलेलं असतं, ती त्याची मुदत. बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. मी आता घट्ट झाकणाचा डबा केला आहे. नंबरवार कप्पे, लोखंडाच्या वेगळ्या, स्टीलच्या वेगळ्या. ॲल्युमिनियमच्या डिस्क तेवढ्या यायच्या आहेत. तो मऊ धातू दाण्यांत चिकटून डिस्क बुजवतो, म्हणून वरून साबणासारखा थर दिलेल्या मागवल्या आहेत. त्याची भुकटी लोखंडाच्या ठिणग्यांत मिसळली तर पेटते, त्यामुळे टेबल आधी स्वच्छ पुसायचं. डिस्क आल्या की विहिरीवरच्या पंपाचं ॲल्युमिनियमचं आवरण पहिलं घ्यायचं, मिस्त्रींशी बोलणं झालं आहे.