माळ्यावरची पत्रे

मागच्या वर्षी आईचे बेरशेवाचे घर दुरुस्तीला काढले. दुरुस्ती म्हणजे इथल्या भाषेत 'शिपुत्सिम', आणि हा शब्द वाचूनच पुष्कळ वाचकांच्या पोटात गोळा आला असेल. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. 1964 साली मिळालेले शिकूनमधले अडीच खोल्यांचे घर ते. नळ गंजलेले, न्हाणीघराची भिंत ओलीने फुगलेली, ममाद नाही. दादा म्हणाला, "आहे तसे विकून टाकू." मी म्हटले, आधी नीट तरी करू. त्यावरून आम्हा भावंडांत थोडे वाजलेही.

कबलानने तीन आठवडे सांगितले. तीन आठवड्यांत त्याने न्हाणीघर फक्त फोडले. कामगारांवर लक्ष ठेवायला मी रोज एका मोडक्या खुर्चीवर धुळीत बसत असे. ते पाहून लेकीने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी हातात दिली आणि म्हणाली, "आई, हे वाच, तुझीच गोष्ट आहे."

ती नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेची 2008 साली निघालेली 'ट्रिब्यूट'. सिला मॅकगोवन नावाची मुलगी लहानपणी टेलिव्हिजनवर चमकलेली. मोठेपणी तो धंदा सोडून ती व्हर्जिनियातल्या शेनांडोआ खोऱ्यात येते. तिथे तिच्या आजीचे शेतावरचे पडके घर असते. आजी मोठी नामांकित नटी, आणि त्याच घरात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गोळ्या खाऊन गेलेली. सिला ते घर आपल्या आईकडून विकत घेते आणि स्वतः हातोडी घेऊन दुरुस्तीला लागते. माळ्यावर तिला आजीला आलेली, खाली सही नसलेली प्रेमपत्रे सापडतात. मग गोठ्यात तिच्या मित्रावर हल्ला होतो आणि कोणीतरी तिच्या वाईटावर आहे हे कळते. समोरच्या घरात चित्रकथा काढणारा एक भला तरुण राहतो, त्यामुळे प्रेमाचीही सोय होते. गुन्हेगार कोण ते मी सांगणार नाही. मला अर्ध्यातच संशय आला होता, पण तो भलत्याच माणसावर.

आमच्या घरी रहस्यकथांचे वेड जुने. इस्रायलला येताना बाबांनी ट्रंकेत कपड्यांखाली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके लपवून आणली होती. झुंजार आणि धनंजय आमच्या शिकूनमध्ये दारोदार फिरत. अर्नाळकर एका बैठकीत गुन्हेगार पकडून देत, या बाई साडेचारशेच्या आसपास पाने घेतात. प्रेमाचा भाग मला जरा गुळचट वाटला. इतका समजूतदार पुरुष शेजारी राहायला येत नाही, निदान बेरशेवात तरी नाही. पण घराचे काम मात्र बाईंनी अस्सल लिहिले आहे. कुठली लाकडी जमीन घासून वाचवायची, कुठली भिंत पाडायची, गवंड्याशी कसे बोलायचे, सगळे बरोबर. त्याचे कारण मागाहून कळले. पुस्तकांची फळी बसवायला त्यांनी एक सुतार बोलावला होता आणि 1985 साली त्याच्याशीच लग्न केले. पुढे मेरीलँडमधल्या बून्सबोरो गावातले एक जुने हॉटेल त्यांनी विकत घेतले. 2008 साली दुरुस्ती चालू असतानाच ते जळाले. तरी पुन्हा बांधून 2009 साली उघडले. अशी बाई फरशीवर खोटे लिहिणार नाही.

तर एके दिवशी कामगार म्हणाला, "गव्हेरेत, बोयडेम रिकामा करा, पाइप तिथून जायचा आहे." बोयडेम म्हणजे न्हाणीघरावरचा आपला माळा. त्यात पेसाहची भांडी, एक फुटकी चूल, आणि पार मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात निळी आंतरदेशीय नव्हेत, परदेशी पाठवायची एरोग्राम पत्रे होती. सगळी मामाची.

इथे थोडे मागे जावे लागेल. अलिबागजवळ आजोबांचे घर आणि नारळी-सुपारीची थोडी वाडी होती. आम्ही इकडे आलो, मामा तिकडेच राहिला. "तुमच्या मामाने तुमच्या आईचा वाटा गिळला," हे बाबांचे वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. आई काही बोलत नसे. तिचे गप्प राहणे म्हणजे होकार, असे आम्ही धरून चाललो. मामा वारला तेव्हा आम्ही साधे पत्रही पाठवले नाही. 1987 साली मी मुंबईला गेले होते. ठाण्याला मामेबहीण राहते हे ठाऊक असून तिच्याकडे पाऊल टाकले नाही.

पत्रांत मामाने दरवर्षीच्या सुपारीचा हिशेब लिहिला होता. "तू घर विकू नको म्हणालीस, म्हणून विकले नाही. तुझ्या वाट्याचे पैसे तू जाताना उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात टाकतो आहे. तिकडे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळत नाही. भावोजींना तू सांगणार होतीस, सांगितलेस का?" हा प्रश्न चार पत्रांत होता. त्या काळी परकीय चलनाचे कायदे कडक होते, हे खरेच. पण आईने बाबांना का सांगितले नाही? बाबांना घर विकून हवे होते आणि तिला ते राहायला हवे होते, एवढाच माझा तर्क. ज्याला आम्ही जन्मभर चोर म्हटले त्याने चोरी केलीच नव्हती, आणि हे ठाऊक असलेली एकटी बाई आमच्यासाठी रोज भात शिजवत होती.

दादाला बोलावले. सिमेंटच्या गोणीवर बसून त्याने सगळी पत्रे वाचली. मग बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला, बोलला काही नाही.

दोन दिवसांनी नंबर मिळवून मी ठाण्याला फोन लावला. मामेबहिणीने आवाज ओळखला नाही, ओळखणार कशी? नाव सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या आमच्यावर रागावली होती ना? बाबा शेवटपर्यंत विचारत होते."

मी म्हटले, "नाही ग. आत्या नव्हती रागावली. आम्ही रागावलो होतो."

पासबुक अजून तिच्या कपाटात आहे, त्यावर आईचे माहेरचे नाव आहे. ते कसे सोडवायचे हे दादा चौकशी करून पाहतो आहे. न्हाणीघराला पांढऱ्या फरशा बसल्या. घर अजून विकलेले नाही. ठाण्याची पाहुणी सुकोथच्या सुमारास यायची आहे, तोवर तरी नाही.