भट्टीजवळची पाटी

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. तिथल्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो, तेव्हा भिंतीवर सूचनांचा भलामोठा फ्लेक्स होता. 'ओले, बंदिस्त अथवा संशयास्पद भंगार भट्टीत टाकण्यास सक्त मनाई आहे', हे त्यातलंच एक कलम. तपासणीला येणाऱ्यांपुरतं ते ठीक होतं. भंगार निवडणारी पोरं बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशची. आणि मराठी वाचणाऱ्यानं तरी संशय नेमका कशाचा घ्यायचा?

इंडक्शन भट्टीतला लोखंडाचा रस 1600 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाणी अडकलेला तुकडा त्यात बुडाला, की पाण्याची वाफ होऊन ती सुमारे 1700 पट फुगते आणि रस माणसांच्या अंगावर उसळतो. पावसात भिजलेलं भंगार निदान डोळ्यांना दिसतं. गाडीचा जुना शॉकअब्सॉर्बर किंवा दोन्ही टोकांना चेपलेला पाइप वरून कोरडा ठणठणीत असतो.

म्हणून भंगार निवडतात तिथंच एक लोखंडी फळी उभी केली. तिच्यावर उभा कापलेला शॉकअब्सॉर्बर, चेपलेला पाइप आणि रिकामी करून कापलेली गॅसची टाकी टांगली. खाली हिंदी-मराठीत एकच ओळ: 'आत काय आहे दिसत नाही? बाजूला ठेवा.'

भट्टी ब्रिज होते तेव्हाचं प्रकरण जास्त अवघड. वरचं भंगार एकमेकांत अडकून झाकण बसतं, खालचा रस बेसुमार तापतो आणि भट्टीचं आतलं लायनिंग खायला लागतो. अशा वेळी काय करायचं, त्याच्या जुन्या सूचनांच्या कागदावर आधी ब्रिजिंगची कारणं होती, पॉवर बंद करायचं पार खाली.

"साहेब, त्या टायमाला कोण वाचत बसंल?" जुना मेल्टर म्हणाला.

मग क्रम त्यालाच विचारला. पॉवर बंद. माल टाकणं बंद. सगळे मागे. सुपरवायझरला बोलवा. सळईनं ढोसू नका. पॅनेलच्या बटणाशेजारीच ही पाटी लावली. लावण्याआधी नव्या पोराला ती हातात देऊन थंड भट्टीवर करून दाखवायला लावलं; तो जिथं अडखळला, तिथली ओळ बदलली.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली, कामगारांना माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी असल्याचं कारखाना अधिनियमात आलं. पण आमच्याकडे टनावर जादा पैसे मिळायचे. भट्टी थांबवली की टन घटतात, हे पोरांना कुठल्याही पाटीपेक्षा पक्कं पाठ होतं. म्हणून पाटीवर शेवटची ओळ मालकांच्या सहीनिशी घातली: 'या कारणानं भट्टी थांबवली, तर कुणाचे पैसे कापले जाणार नाहीत.'

त्यानंतर रात्रपाळीतून मला फोन यायला लागले. आधी येत नव्हते, ते भट्टी ब्रिज होत नव्हती म्हणून नव्हे.