अटकेपार

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांशी खेळण्याची खोड असते, आणि तास संपायला दहा मिनिटे उरली की ती फार उपयोगी पडते. 'अटक' हा माझा असाच एक हुकमी शब्द. १७५८ साली मराठ्यांचे घोडे सिंधूकाठच्या अटकेला पोचले, आणि तेव्हापासून आपल्याकडे जो तो काहीतरी अटकेपार नेत असतो. कुणी झेंडा, तर कुणी मिसळ. मुले हसतात, घंटा होते. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र मी वर्गात कधी काढत नाही. त्याचे कारण आज सांगून टाकतो. दिवाळी अंकात माणूस जरा मोकळा होतो, आणि आमच्या संस्थेचे चिटणीस दिवाळी अंक वाचत नाहीत, अशी माझी समजूत आहे.

२००१ सालची गोष्ट. मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. फी वाढली म्हणून आम्ही शे-दीडशे पोरे जिल्ह्याच्या गावी कचेरीवर मोर्चा घेऊन गेलो. घोषणांचे खाते माझ्याकडे, कारण यमक जुळवता येणारा मीच एकटा. जमावबंदी लागू आहे, असे फौजदारसाहेबांनी सांगितले तेव्हा माझे तिसरे यमक नुकते कुठे जमत होते. आम्हांला गाडीत घालून पोलिसांच्या मैदानावर नेले, ओळीने बसवले, नावे-पत्ते लिहून घेतले आणि दिवेलागणीला सोडून दिले. मध्यंतरी एका हवालदाराने वडापाव आणून दिले. "आई वाट बघत असेल रे पोरांनो," असे तो दोनदा म्हणाला. त्या रात्री वसतिगृहात आम्ही स्वतःला थेट लोकमान्यांच्या पंक्तीला नेऊन बसवले होते!

यात सगळाच काही पोरकटपणा नव्हता. आमच्या वाड्यात आबा म्हणून एक वृद्ध गृहस्थ राहत. बेचाळीसच्या चळवळीत ते तुरुंगात गेले होते. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी निदान सहा महिने तुरुंगवास भोगल्याचा पुरावा लागे, आणि तो मिळवण्यासाठी आबांनी तुरुंगाच्या कचेरीत किती हेलपाटे घातले याला गणती नव्हती. "मी चोर नव्हतो हे सिद्ध करणं सोपं गेलं असतं रे, मी कैदी होतो हे सिद्ध करता करता दम लागला," असे ते म्हणत. अखेर दाखला मिळाला, आणि आबांनी तो चौकट करून भिंतीवर लावला. गणपतीच्या तसबिरीशेजारीच. तुरुंगाचा कागद हा भिंतीवर लावायचा असतो, हे माझे बाळपणीचे शिक्षण.

पुढे २००७ साली मला नोकरी लागायची वेळ आली. मुलाखत उत्तम झाली होती. संस्थेने एक लांबलचक नमुना भरायला दिला. जन्मतारीख, मातृभाषा, पूर्वीचे पत्ते, आणि मग तो रकाना: आपणांस कधी अटक, स्थानबद्धता, दंड वा शिक्षा झाली आहे काय? खाली ठळक अक्षरांत, माहिती खोटी आढळल्यास नेमणूक रद्द. माझे पेन तिथे थांबले. अण्णा शेजारी सुपारी कातरत बसले होते. तीस वर्षे सरकारी कारकुनी केलेला माणूस. कागदावरची पाल त्यांना लांबून दिसे.

"काय झालं?"

मी सांगितले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ती अटक नव्हे. ताब्यात घेतलं होतं तुम्हाला. लिही, नाही."

दोन शब्दांचा अर्थ तंतोतंत एक कधीच नसतो, हे मी आज मुलांना शिकवतो. त्या दिवशी त्याच सिद्धान्ताचा मी स्वतःपुरता फायदा करून घेतला. शेजारी 'स्थानबद्धता' हा शब्द होता, तो मी पाहिला न पाहिलासा केला. 'नाही' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले. नोकरी लागली, लग्न झाले, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले. कुणी काही विचारले नाही. फक्त संस्थेच्या कार्यालयातून निरोप आला की माझ्या पोटात अजून एक बारीकशी कळ उठते, आणि निरोप बहुधा उत्तरपत्रिकांचा असतो.

गेल्या श्रावणात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. वडील बाजारात हमाली करतात. दोन वर्षे पहाटे उठून सोळाशे मीटर धावण्याचा सराव केला आणि पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव आणले. साक्षांकन नमुना भरायचा होता, आणि त्यात ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे हवी होती. सौ.ने चहा ठेवला. पोरगा कपबशीकडे बघत म्हणाला, "सर, एक पावती फाडलेली आहे माझ्यावर."

२०२० सालचा एप्रिल. टाळेबंदीत हा आणि चार मित्र शाळेच्या मागच्या मैदानावर क्रिकेट खेळत होते. कलम १८८ खाली गुन्हा नोंदला. पुढे न्यायालयात 'कबूल आहे' म्हणून पाचशे रुपये दंड भरला आणि सुटलो असे समजून सगळे घरी आले. पण गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत शिक्षाच झाली, हे त्या अठरा वर्षांच्या पोरांना कोण सांगणार? ती भारतीय दंड संहिताही १ जुलै २०२४ पासून गेली. नोंद मात्र राहिली. मामा म्हणत होते, 'नाही' लिही. अर्ज भरून देणारा दुकानदारही तेच म्हणत होता.

मी त्याला दोन दिवसांनी बोलावले आणि दरम्यान विधी महाविद्यालयातल्या एका स्नेह्याकडे जाऊन बसलो. त्याने मला सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे वाचायला दिले. पहिला २०११चा. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने अर्जात जुना मारामारीचा खटला लपवला होता, पुढे आपणहून सांगितला. न्यायालय त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि निकालपत्रात चक्क व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ वालजाँची आठवण काढली. पाव चोरल्याबद्दल जन्मभर डाग वागवणारा तो! निकालपत्र वाचताना माझे डोळे ओलावतील असे मला कधी वाटले नव्हते. दुसरा निवाडा २०१६चा, अवतार सिंग यांच्या प्रकरणातला. माहिती खरीच द्यावी. तरुणपणी घोषणा देण्यासारखी क्षुल्लक बाब लपवली असेल तर मालकाने ती मनावर न घेतली तरी चालेल. पण खरे सांगितले म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असेही नाही.

'घोषणा देण्यासारखी.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले.

पोरगा आला. मी सगळे समजावून सांगितले.

"म्हणजे खरं लिहिलं तर नोकरी मिळेलच असं नाही?"

"नाही."

"आणि खोटं लिहिलं तर सापडेनच असंही नाही."

"तू पोलिसांतच चाललायस. त्यांच्याच दप्तरात तुझी नोंद. सापडशील."

"पण समजा, नसतोच सापडणार. तुम्ही काय लिहिलं असतं, सर?"

स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले होते. मी म्हणालो, "माझ्यावर ती वेळ आली होती. मी 'नाही' लिहिलं." आणि मैदान, वडापाव, अण्णांचा अडकित्ता, सगळे सांगितले. सौ. दारात येऊन उभी राहिली. तो गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "मला तरी सांगायचंत." त्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. आता हा प्रतिष्ठित व्यक्तीच्या जागी दुसरे कुणी बघणार, अशी माझी खात्री झाली. त्याने पिशवीतून नमुना काढला, टेबल पुसून घेतले, आणि त्या रकान्यात 'होय' लिहिले. पुढे कलम, वर्ष, दंड. न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागे टाचली. मग पान उलटून माझे नाव लिहू लागला.

"सर, तुमच्या घराचा पिनकोड काय?"

या गोष्टीला आता दोन महिने होऊन गेले. पडताळणीचा कागद अजून कुठेतरी फिरतो आहे. पोरगा दर सोमवारी येऊन सांगून जातो की काही आले नाही. धावणे त्याने सोडलेले नाही.