रंगवलं की किंमत उतरते

पेटीत दहा सैनिक असतात. दीड इंच उंचीचे, करड्या प्लॅस्टिकचे, आणि सगळे तुकड्यांत. एका चौकटीला हात चिकटलेले, दुसरीला डोकी, तिसरीला बंदुका. कटरने एकेक तुकडा सोडवायचा, कापल्याची खूण पात्याने खरवडायची, चिकटवायचं, वर प्रायमरचा फवारा मारायचा आणि वाळलं की रंगवायला बसायचं. एका सैनिकाला माझे तीन तास जातात. चेहरा उघडा असेल तर चार, कारण डोळे. डोळे रंगवताना मी श्वास घेत नाही.

अशी पेटी घरपोच पाच हजारांच्या आसपास पडते. म्हणजे एक सैनिक पाचशे रुपये, आणि तोही कच्चा. रंग वेगळे, ब्रश वेगळे, नियमांचं पुस्तक वेगळं.

खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. इंग्लंडात नॉटिंगहॅमला गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे, तिने तो १९८७मध्ये आणला. त्याआधी १९८३पासून त्यांचा नुसता 'वॉरहॅमर' होता, तलवारी आणि राक्षसांचा. हा चाळीस हजाराव्या सालानंतरचा, अंतराळातला. टेबलावर भिंती, अवशेष, टेकड्या मांडायच्या, दोघांनी आपापली फौज घेऊन समोरासमोर उभं राहायचं. कोण किती सरकला ते टेपने इंचात मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे ठरवणार. एका डावाला तीन तास लागतात. पडदा नाही, चार्जर नाही.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे स्वतःचाही हिशेब ठेवते. २०१६पासून आजपर्यंत या खेळावर माझे १,४६,३२० रुपये गेले. आईला आकडा माहीत आहे. ती म्हणाली, "तेवढ्यात स्कूटर आली असती."

"स्कूटर आहे की माझ्याकडे."

"दुसरी आली असती."

यावर काय बोलणार?

लोक एवढा महाग खेळ सोडत का नाहीत, याचं एक उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं, आणि ते माझ्याच धंद्यातलं आहे. पैसा अडकलाय म्हणून. बुडीत कर्जात आणखी पैसे घालणारे कर्जदार मी रोज बघते, तेव्हा हे उत्तर मला पटायला हवं होतं. पण आकडे उलटं सांगतात. या खेळातली न उघडलेली पेटी आजही जवळजवळ घेतलेल्या भावाला विकली जाते. आपल्याकडे थोडेच लोक खेळतात, पण ते सगळे एकमेकांना ओळखतात, आणि नवी पेटी कुणालाही हवीच असते. पेटी उघडून सैनिक जोडला की भाव उतरतो. आणि रंगवला की आणखी उतरतो. फार मोठा कलाकार असाल तर गोष्ट वेगळी. माझ्यासारखीने रंगवलेला सैनिक विकत घेणारा माणूस आधी माझा रंग धुऊन काढायचा खर्च मनात धरतो.

पतसंस्थेत याला घसारा म्हणतात. यंत्र वापरलं की त्याची किंमत कमी होते. इथे मात्र किंमत कमी होते ती माझ्या तीन तासांमुळे. बाजाराच्या लेखी माझं काम म्हणजे त्या वस्तूत पडलेला दोष.

माझ्या कपाटात दोन्ही प्रकार आहेत. वरच्या फळीवर न उघडलेल्या पेट्या. या खेळातली मंडळी जगभर त्याला 'लाजेचा ढीग' म्हणतात. तो ढीग मी उद्या विकू शकते, आणि दोनदा थोडा विकलाही आहे, डोळ्यात पाणी न येता. खालच्या फळीवर रंगवलेले एकशे बारा आहेत. त्यांना भाव नाही आणि ते मी विकणार नाही. पैसा अडकल्यामुळे माणूस टिकत असता तर मी वरच्या फळीसाठी टिकले असते.

आता सांगलीला जावं लागेल. ही सवय मला नॉटिंगहॅमने लावलेली नाही.

दिवाळीला आम्ही मामाकडे सांगलीला असायचो. गावभागात घर, मागे परस. सहामाही परीक्षा संपली की मी आणि मामेभाऊ किल्ल्याला लागायचो. शेजारच्या काकू म्हणायच्या, मुलींनी रांगोळी काढायची. मी रांगोळी काढून मग किल्ल्यावर जायचे. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पसरायचं, ते चापूनचोपून बसवलं की दऱ्याखोऱ्या आपोआप पडतात. वर बारीक माती चाळून घालायची आणि हळीव पेरायचे. रोज हाताने पाणी शिंपडलं की लक्ष्मीपूजनापर्यंत गड हिरवा.

मग मावळे. मामा पन्नास रुपये द्यायचा. मावळा पाच रुपयांना. सिंहासनावरचे महाराज तीस, तोफ दहा. म्हणजे महाराज घेतले तर मावळे चारच येतात. तोफ घेतली तर दोन. रस्त्याकडेच्या त्या मांडणीसमोर आम्ही दोघं अर्धा तास उकिडवे बसून भांडायचो, आणि विकणाऱ्या आजी आम्हाला कधी हाकलायच्या नाहीत. आज वॉरहॅमरच्या डावाआधी दोन हजार गुणांची फौज निवडताना मी नेमकं तेच करते. सरदार मोठा घेऊ की शिपाई जास्त?

महाराज एकदाच घ्यावे लागतात, हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. किल्ला दरवर्षी मोडतो. तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा टिकतो, मग माती झाडांना आणि विटा परत कोपऱ्यात. मावळे मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. आमची फौज वर्षाला चार-पाचने वाढत गेली. हात तुटलेला मावळा झाडामागे उभा करायचा. नाक झिजलेला पहारेकरी, तो खिंडीत, पाठमोरा. रंग उडाला की वॉटरकलरने आम्हीच लावायचो. त्यामुळे एका मावळ्याची मिशी निळी होती. तो कायम बालेकिल्ल्यावर असायचा, कारण मामेभावाला तो आवडायचा.

वॉरहॅमर मामेभावानेच आणला, पुण्यात इंजिनिअरिंग करताना कुणाकडून तरी शिकून. २०१६च्या दिवाळीत त्याने डबा उघडला, मावळ्यांशेजारी आपले नवे दहा सैनिक मांडले आणि म्हणाला, "ताई, याला नियम पण आहेत." मी अडकले ती तिथे. मला नियम आवडतात.

तेव्हापासून मी महिन्या-दीड महिन्यातून सांगलीला जाऊ लागले. एसटीने कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली. मांडीवर फोम भरलेली पेटी, आणि प्रत्येक खड्ड्याला जीव खाली-वर. एकदा कंडक्टरने विचारलं, काच आहे का? मी म्हटलं, माणसं आहेत. त्याने पुढे काही विचारलं नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. मामाकडची सगळी वेळेवर विश्रामबागेत नातेवाइकांकडे पोहोचली होती. खालचा मजला मात्र काही दिवस पाण्यात होता. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा रस्त्यात दोन्ही बाजूंना गाद्या, गव्हाची पोती, वह्यापुस्तकं, फ्रिज. आणि तो वास. तो वास लिहिता येत नाही.

पत्र्याचा डबा कपाटाखाली सापडला. झाकण गंजून बसलं होतं, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. आत मातीचा एकच गोळा होता. आमचे मावळे कच्च्या मातीचे, भाजलेले नव्हते. वीस वर्षांची फौज, आणि तिला नदीने परत घेतलं होतं. गोळ्यात कुठे भगव्याचा पट्टा, कुठे चांदीचा ठिपका. मामेभाऊ त्यात निळं काही दिसतंय का बघत राहिला.

प्लॅस्टिकची फौज दुसऱ्या पेटीत होती. ती गाळाने भरली होती, पण होती. ॲक्रिलिकचा रंग पाण्यात सुटत नाही. पुष्कळांचे हात निखळले होते, कारण हात फेविक्विकने लावले होते. मामेभाऊ परसातल्या नळापाशी बसला, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि जुन्या टूथब्रशने एकेक सैनिक घासायला लागला. घरात गुडघाभर चिखल, मामी खराट्याने तो बाहेर लोटते आहे, गल्लीतले लोक एकमेकांचे पलंग उचलताहेत, आणि हा सत्तावीस वर्षांचा माणूस खेळणी धुतोय. मला शेजाऱ्यांची लाज वाटत होती.

मामा आतून आला. थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग पाटावर टेकला आणि म्हणाला, "अजून एखादा जुना ब्रश आहे का रे?"

दोघांनी तासभर घासलं. मामाने मध्येच विचारलं, एकाला किती पडतो. मामेभावाने सांगितलं, पाचशे.

"रंगासकट?"

"नाही. रंग आपला आपण."

"मग बरोबर आहे," मामा म्हणाला. काय बरोबर आहे ते त्याने सांगितलं नाही, आणि मी ते विचारायची वेळ नव्हती.

निष्ठा कंपनीवर असते, असं बाहेरच्यांना वाटतं. २०१५मध्ये गेम्स वर्कशॉपने जुन्या वॉरहॅमरचं सगळं जग कथेतच नष्ट केलं आणि त्याच्या जागी नवा खेळ आणला. बत्तीस वर्षांच्या फौजा ज्यांच्याकडे होत्या त्यांतले काही जण नव्या खेळात गेले, काही जण सोडून गेले. आणि बरेच जण जुनी पुस्तकं उघडून जुनेच नियम खेळत राहिले, कंपनी काहीही म्हणो. २०२४मध्ये तेच जग 'द ओल्ड वर्ल्ड' नावाने परत आलं. ज्यांनी खेळणं थांबवलंच नव्हतं त्यांच्यासाठी त्या नऊ वर्षांत फक्त दुकानातला माल बदलला होता. अंतराळातल्या खेळाची नवी आवृत्तीही साधारण तीन वर्षांनी येते, आणि पुस्तकं रद्दीत जातात. मीही चिडते. पण पुस्तक म्हणजे त्यांची वस्तू, आणि खालच्या फळीवरचे एकशे बारा माझे.

तसं बघितलं तर शिशाच्या सैनिकांनी जमिनीवर लढाई खेळायचे छापील नियम एच. जी. वेल्सने १९१३मध्येच काढले होते. 'लिटल वॉर्स' हे ते पुस्तक. उपशीर्षकात त्याने मुलग्यांबरोबर काही हुशार मुलींनाही प्रवेश दिला आहे. आभारी आहे.

पुरानंतरच्या दिवाळीला किल्ला झाला नाही. त्यानंतर एके वर्षी आम्ही तो साताऱ्यात केला, आमच्या अंगणात. वर मान केली की खरा अजिंक्यतारा दिसतो. मामेभावाने ठरवलं की या वेळी वेढा खेळायचा, खराखुरा, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००चा. औरंगजेब स्वतः साताऱ्यापाशी येऊन बसलेला, गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग लावले. पहिल्याने तट आत कोसळला आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेर पडला, चढाईला तयार असलेल्या मोगलांवरच. आमचा नियम साधा होता: फाशावर एक किंवा दोन आले तर तट बाहेर पडतो.

गडावर बाजारातून आणलेले नवे मावळे होते, आता साठ-सत्तर रुपयांना एक. मोगल म्हणून माझे अंतराळातले चिलखतवाले. मावळे त्यांच्या दुप्पट उंच. गल्लीतली पाच-सहा पोरं कठड्यावर बसून बघत होती. मामेभावाचा पहिला मावळा पडला तेव्हा मी तो पटावरून उचलला, नियमाप्रमाणे. पोरांनी दंगा केला. उचलायचा नाही! मी समजावलं की हा युद्धाचा खेळ आहे, माणसं मरतात, राजाराम महाराजसुद्धा त्याच मार्चमध्ये सिंहगडावर गेले आणि महिना-दीड महिन्याने किल्ला पडलाच. एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "पडू दे की. पण त्याला झाडामागे ठेव."

ठेवला. तेवढा नियम आम्ही त्या दिवशी बदलला.

या खेळाला समोर कुणीतरी लागतं, ही त्याची खरी किंमत आहे, आणि ती माझ्या एक्सेलमध्ये नाही. एकटीला रंगवता येतं, खेळता येत नाही. साताऱ्यात मला दुसरा खेळाडू माहीत नाही, आणि मामेभाऊ जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तिथे त्याला दर शनिवारी खेळणारे लोक भेटलेत. आम्ही दोनदा व्हिडिओ कॉलवर डाव मांडून पाहिला. माझ्या टेबलावर त्याचे सैनिक मी सरकवायचे, फासे त्याने तिकडे टाकायचे. अडीच तासांनी फोनची बॅटरी गेली तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

त्याची पुरातून निघालेली फौज सांगलीतच आहे. बंगळुरूला त्याने नवी सुरू केली. जुनी मामाने दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये लावली आहे, ओळीत, निखळलेले हात परत चिकटवून. दोघांचे हात त्याने उलटे लावले आहेत.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. पाऊस, आईचे गुडघे, पतसंस्थेचं ऑडिट वगैरे बोलून झालं. मग तो म्हणाला, "अगं, तो तुमचा एक डाव किती वेळ चालतो?"

"तीन तास. नवीन माणूस असेल तर चार-पाच."

"मग रविवारी सकाळच्या गाडीनेच ये."