टाळ्या कुणाला पडल्या?

‘‘पूर तुमच्या गल्लीत येतो, म्हणून आमच्या रंकाळ्यावर घरं उठवायची का?’’ सभेत हे वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या. ते आठवलं की अजून राग येतो. बोलणारा माझ्याच बाजूचा होता, म्हणून जास्तच.

विषय कोल्हापूरकरांना नवा नाही. रंकाळा तळ्याच्या काठाला, बागेला लागून एक मोकळी जमीन. तिच्यावरचं बागेचं आरक्षण उठवून फ्लॅटची स्कीम करायची, अशी कुणकुण लागली. पेठेतली मंडळी तालमीच्या हॉलमध्ये जमली. बहुतेक विरोधातच. मीही.

ज्याला ते वाक्य सुनावलं, तो शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतला मूर्तिकार. पंचगंगा नदीची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तितकंच चढलं. दोन्ही वेळा गणपती तोंडावर होते. रंगकामाला आलेल्या मूर्ती फळ्यांवर होत्या. पाणी उतरल्यावर त्याच्या कारखान्यात मी गेलो होतो. खालच्या फळीवरच्या मूर्तींचे पाय विरघळून पाटाला चिकटले होते, वरच्या फळीवरचे गणपती कोरडे. पण फळीच कलल्यामुळे एकमेकांवर कलंडून सोंडा मोडलेल्या. ऑर्डरचे पैसे आधीच रंगात आणि मातीत गेलेले.

सभेत तो एवढंच म्हणाला, ‘‘पाणी शिरलं की आधी मूर्ती उचलायच्या, का आईला? उंचावर दोन खोल्या मिळाल्या तर तेवढ्या बघतोय.’’

त्यावर ते वाक्य, आणि त्या टाळ्या. माणूस उभाच राहिला. कुणी त्याला बस म्हटलं नाही, उत्तरही दिलं नाही. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत असे कितीतरी, ज्यांचे बंगले तळ्याच्या पाणलोटातच उभे आहेत. श्याम सोसायटीच्या नाल्यातून, परताळ्याकडून तळ्यात सांडपाणी किती वर्षं आलं, ते काय आभाळातून पडलं? राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेचा पैसा आला, तरी जलपर्णी आणि हिरवं पाणी कोल्हापूरनं पाहिलंच. ते पाणी आपल्याच मोऱ्यांचं होतं. आपलं घर झालं की मागून येणारा तळ्याचा वैरी, हा कुठला न्याय?

तरीही त्या जमिनीवर इमारत नको, या मतावर मी ठाम आहे. काठाची माती पाऊस मुरवते, गाळ अडवते. तिथं काँक्रीट आलं की पार्किंगचं तेलकट पाणी थेट तळ्यात. शिवाय तळं दिसणाऱ्या फ्लॅटचा भाव कुंभार गल्लीला परवडणार आहे का? ते दोन-तीन बेडरूमचे फ्लॅट घेणारे वेगळे. त्याच्या गरजेचं नाव पुढं करून बिल्डरचं भलं होईल, आणि मूर्तिकार पुढच्या पुरात पुन्हा फळ्या चढवत बसेल. हे त्या सभेत कुणीतरी त्याला नीट, शेजारी बसून सांगायला हवं होतं. त्याच्याशी बोलताना मात्र माझीच खात्री थोडी डळमळते. पूररेषेतल्या माणसांना जागा कुठं देणार, याचं उत्तर आम्ही विरोधकांनीही अजून दिलेलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. आरक्षणातला किरकोळ फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. नोटीस निघाली की हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. सभेतल्या टाळ्यांची नोंद कुठंच होत नाही, लेखी अर्जाची होते. तेव्हा नोटिशीवर लक्ष ठेवा, अर्ज लिहा आणि आवक क्रमांक घ्या. त्याच अर्जात दुसरी मागणीही घाला: पूररेषेतल्या कारागिरांना शहरातच, पाण्याच्या वर, घर आणि कामाची जागा द्या.