आडव्या बाटलीच्या पलीकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला नवऱ्याच्या मारझोडीबद्दल चारचौघांत बोलायचं असलं, की ती आधी दारूबद्दल बोलते. 'स्वामिनी'च्या दारूबंदी आंदोलनात गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्या याच रागातून. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी जुनी, गडचिरोलीत १९९३ पासूनची. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मग यवतमाळात का नाही, हा त्यांचा सवाल. राज्याच्या नियमात एक वाट आहे: मतदान घ्यायचं आणि गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, कौल दिला, तर दुकान बंद.

दुकान बंद झालं की मजुरीचे पैसे घरात येतात, लेकरांच्या ताटात काहीतरी पडतं. ही लढाई मोलाचीच. पण रात्री दार लावल्यावर काय होतं, ते कुठल्याच मोर्चात सांगता येत नाही.

कापूस वेचणीचे दिवस. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाईच्या बोटांना बोंडांच्या सुक्या टोकांचे ओरखडे असतात. भाकरी थापताना तिचा कान अंगणाकडे. नवऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याला आज किती झाली आहे, हे तिला कळतं. ती लेकरांना लवकर निजवते. मार पडतो, आणि तासाभरात तोच हात अंगाशी येतो. नाही म्हटलं, तर 'दुसरा कोणी आहे का?' असा संशय आणि पुन्हा मार. म्हणून ती नाही म्हणत नाही. हा तिचा होकार नसतो, पण घरात तो तसाच धरला जातो.

न प्यायलेल्या दिवशी हाच माणूस लेकरांसाठी खाऊ आणतो, हसून बोलतो. तिलाही ते हवं असतं. तरी त्यानं सहज खांद्यावर हात ठेवला, की ती दचकते. नवरा-बायकोतली जवळीक मोडते ती इथं. मनानं माफ केलं, तरी अंग माफ करत नाही. झोप उडते, इच्छा मरते. अंगावरून जाणं, ओटीपोटातलं दुखणं ती कुणाला सांगत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य आणि गर्भपात यांचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये नोंदवलं.

बायका दुखणं सांगत नाहीत, याचा अर्थ दुखणं नसतं असा नव्हे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. तो अभ्यास हिंसेचा नव्हता. पण आपुलकीनं विचारलं, तर बायका आपल्या शरीराबद्दल बोलतात, हे त्यातून दिसलं.

कायदा अर्ध्या वाटेवर उभा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हीसुद्धा हिंसाच. त्याखाली बाईला संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरातून तिला काढता येत नाही. मात्र सज्ञान बायकोवर नवऱ्यानं केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं गर्भपात कायद्यापुरती अशी बळजबरी बलात्कारात धरली.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; तोवर 'भांड्याला भांडं लागतंच' म्हणत तिला परत नांदायला धाडणाऱ्या माहेरानंही थांबायला हवं. मुंबईत २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं; दवाखान्यात आलेल्या बाईला तिथं हिंसेबद्दल विचारलं जातं, समुपदेशन मिळतं. झरी-जामणी असो की उमरखेड, पांढरं जातं म्हणून गोळ्या मागायला आलेल्या बाईलाही आशाताईनं, नर्सबाईनं एकांतात हे विचारायला हवं: घरी मारतात का, नको असताना जवळ घेतात का? आणि उत्तर 'हो' असेल, तर १८१ ही हेल्पलाइन, 'सखी' केंद्र आणि संरक्षण अधिकारी यांच्यापर्यंत तिला पोचवणं, हे त्या दवाखान्याचं कामच मानलं जावं.