मुंबईचा हरवलेला किल्ला आणि त्याचे धनी

"फोर्टात जाऊन येतो," असे आपण सहज म्हणतो. कुणी हापिसात जातो, कुणी गोदीवर, कुणी हायकोर्टाच्या तारखेला. पण फोर्ट म्हणजे किल्ला, आणि तिथे किल्ला तर दिसतच नाही! मग तो गेला कुठे? आणि त्याचे धनी तरी कोण होते?

या किल्ल्याचे मूळ एका वाड्यात आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे मुंबई बेट खंडाने मिळाले गार्सिया द ओर्ता या वैद्याला. आताच्या टाऊन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता. हा मोठा विद्वान. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पण त्याचे घराणे ज्यू होते, बळजबरीने ख्रिस्ती केलेले. १५६८ साली तो वारला. गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द त्याची हाडे उकरून जाळली! जमीन, विद्या, मान सारे असूनही जन्माचा शिक्का पुसला गेला नाही. ही गोष्ट आपल्याला कुणी वेगळी समजावून सांगायला नको.

१६६१ च्या लग्नाच्या तहात हे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी याच वाड्यात ताबापत्रावर सह्या झाल्या. तेव्हा वाड्याची मालकीण होती डोना इग्नेझ द मिरांडा ही विधवा. १६६८ साली राजाने वर्षाला अवघ्या दहा पौंडांवर बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. या साऱ्या देवघेवीत बेटावर राबणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना कुणी विचारले नाही.

कंपनीने वाड्याला बुरूज घालून गढी केली. १७१६ साली शहराभोवती तट पुरा झाला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट हे त्याचे तीन दरवाजे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या सावकारांची झोप उडाली. त्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली आणि तटाभोवती खंदक खोदला गेला. वर्गणीचा आकडा कागदावर राहिला. ज्यांनी कुदळ-फावडे मारले त्यांची नावे कुणी कोरून ठेवली नाहीत.

तटाच्या आतही भेद होताच. दक्षिणेला गोरे साहेब, उत्तरेला देशी व्यापारी. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर पुष्कळ देशी वस्ती तटाबाहेर गेली.

पुढे शत्रू उरला नाही, खंदकाची घाण मात्र उरली. गर्दी आणि रोगराई वाढली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात ओतू लागला. गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ पासून तट पाडून खंदक बुजवला गेला. चर्च गेटच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तोच आपला हुतात्मा चौक.

तटाच्या पाठोपाठ मोकळ्या झालेल्या भागात विद्यापीठ आणि हायकोर्ट उभे राहिले. त्याच विद्यापीठाची बी. ए. पदवी बाबासाहेबांनी १९१२ साली मिळवली, त्याच हायकोर्टात १९२३ पासून वकिली केली. आणि १९४६ साली त्यांनी सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज आज याच फोर्टात आहे. नोकरी करून शिकणाऱ्या गोरगरिबांच्या मुलांसाठी त्याचे दरवाजे बाबासाहेबांनी उघडले. तीनशे वर्षे धनी बदलत राहिले. पण आपल्या समाजासाठी या किल्ल्याचा खरा दरवाजा उघडला तो लेखणीने.

आम्ही कार्यकर्ते वस्तीतल्या मुलांना घेऊन हा भाग पायी फिरलो. सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. मूळ गढीचे अवशेष नौदलाच्या आवारात आहेत. बझार गेट, रॅम्पार्ट रो ही नावेही लोकांच्या तोंडी आहेत.

सर्व काही अनित्य आहे, असे तथागतांनी सांगितले. तट गेले, खंदक बुजले, धनीही गेले. पण माणसामाणसांतले तट आपोआप पडत नाहीत, ते पाडावे लागतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलांना फोर्टात न्या, त्यांना हा इतिहास सांगा आणि सिद्धार्थ कॉलेजची पायरी अवश्य दाखवा.

जयभीम!